भाच्याची कुस्ती आणि इकडची रग्बी

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच विषय चाललाय, भाच्यानं बारावी अर्धवट सोडून कोल्हापूरच्या तालमीत राहायला जायचं का नाही. पोरगं सतरा वर्षांचं, पलूसकडचं आमचं गाव, यंदा कुंडलच्या मैदानात त्यानं चांगली कुस्ती मारली आणि तेव्हापासनं दाजींना वाटतंय की आता शाळेत नुसता वेळ जातोय. आक्का म्हणते बारावी तरी होऊ दे. आणि दोघंही शेवटी माझ्यावर येतात, कारण मी कार्डिफला नर्स आहे आणि दाजींचं म्हणणं असं की तुमच्या वेल्सचे रग्बीवाले बघा, खेळाडू तिकडं फक्त खेळतो आणि करोडो कमावतो, आपल्याकडंच पुस्तकाचं खूळ. ग्रुपवर एवढं लांब लिहिणं होत नाही म्हणून इथं लिहिते.

मिरजेत नर्सिंग करून मी इकडं आले तेव्हा पहिल्याच थंडीत बसमध्ये समोर एक धिप्पाड माणूस बसला होता, त्याचे कान बघितले आणि मला थेट आमच्या गावातले वस्ताद आठवले. तेच मोडलेले कान, वळून गोळा झालेले, भोकं निम्मी बुजलेली. त्या माणसाकडं मी इतकी बघत राहिले की तो हसला. नंतर कळलं, रग्बीत पुढच्या फळीतले जे गडी स्क्रममध्ये डोकं घालून रेटतात त्यांचे कान असेच होतात.

तर दाजी, करोडोचं सांगते. १९९५ पर्यंत रग्बी युनियनमध्ये, म्हणजे वेल्सवाले खेळतात त्या रग्बीत, खेळायचे पैसेच मिळत नव्हते, अधिकृतपणे तरी. वेल्सचे खेळाडू खाणीत, स्टीलच्या कारखान्यात, शाळेत नोकरी करून खेळायचे, जेपीआर विल्यम्स तर हाडांचे सर्जन होते. ९५ नंतर तो धंदा झाला. पण पगार सुरू झाला म्हणजे जन्माची सोय झाली असं नाही, हे मी इथं राहून बघितलंय. २०२२ मध्ये इंग्लंडचे वॉस्प्स आणि वूस्टर हे दोन क्लब बुडाले, पुढच्या वर्षी लंडन आयरिश, आणि खेळाडू एका रात्रीत बेकार, घराचे हप्ते चालू. २०२३ च्या फेब्रुवारीत तर वेल्सच्या टीमनं इंग्लंडविरुद्धची मॅच खेळणार नाही अशी धमकी दिली होती, कारण हंगाम संपत आला तरी पुढच्या कराराचा पत्ता नव्हता. दाजी, हे देशाकडनं खेळणारे लोक! सगळे एकत्र उभे राहिले म्हणून थोडंफार पदरात पडलं.

आणि शरीर. सॅम वॉरबर्टन हा वेल्सचा कॅप्टन, २०१८ मध्ये दुखापतींनी खेळ सोडला तेव्हा वय होतं २९. स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा वर्ल्डकप जिंकलेल्या इंग्लंडच्या टीममध्ये होता, त्याला बेचाळिसाव्या वर्षी डिमेन्शिया निघाला आणि त्यानं सांगितलं की तो वर्ल्डकप जिंकल्याचं मला आठवतच नाही. हे वाचलं तेव्हा मी ड्यूटीवरनं आले होते, चहा तसाच गार झाला. वेल्सच्या ॲलिक्स पॉफमचं पण तेच, चाळिशीत. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेले मार.

मग इथलं काय घेण्यासारखं आहे? माझ्या मते एकच, इथं आता खेळाडू संपतो कसा याचा विचार सुरू झालाय, उशिरा का होईना, खेळाडूंनी कोर्टकचेरी केल्यावर का होईना. माझा मुलगा रविवारी लहान पोरांच्या रग्बीला जातो, त्यांचा कोच आमचा शेजारीच, पूर्वी पैसे घेऊन खेळायचा, गुडघा गेला, आता घरोघरी बॉयलर दुरुस्त करतो. मागच्या वर्षी मुलाचं डोकं दुसऱ्या पोराच्या खांद्यावर आपटलं, चक्कर नाही, उलटी नाही, फक्त क्षणभर डोळे कुठंतरी बघत राहिले. कोच पळत आला, गुडघा दुखत असताना चिखलात खाली बसला, दोन प्रश्न विचारले आणि सरळ बाहेर काढलं. २१ दिवस मॅच नाही. पोरगं रडलं, पण इथला नियमच आहे की शंका आली तर बाहेर बसवायचं. आपल्याकडं मी लहानपणी बघितलंय, पैलवान डोक्यावर पडला तर तांब्याभर पाणी मारायचं, हलगी थांबत पण नाही.

दाजींना खाशाबा जाधवांचं उदाहरण आवडतं, गोळेश्वरचा माणूस, १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकात कुस्तीचं मेडल. बरोबर आहे, पण ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले होते हे दाजी विसरतात, त्यांना पाठवायला तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आणि त्या माणसाच्या वाट्याला पुढं काय आलं? अर्जुन पुरस्कार दिला तो पण मेल्यावर. आपल्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर घ्या, वडलांची पानटपरी, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये वजन उचलताना कोपर दुखावलं आणि एका किलोनं गोल्ड गेलं. खेळाडूचं आयुष्य एका सांध्यावर लटकलेलं असतं. वेल्सकडनं ९४ मॅच खेळलेला जेमी रॉबर्ट्स खेळता खेळता इथंच कार्डिफ युनिव्हर्सिटीत डॉक्टर झाला, म्हणजे दोन्ही होतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

एक गोष्ट मात्र आपल्याकडची मला इथं कधी सापडली नाही. आमच्या यात्रेत सत्तरीचा पैलवान आला तर त्याला पुढं बसवतात, फेटा बांधतात, पोरं पाया पडतात. माझ्या शेजाऱ्याला त्याच्या जुन्या क्लबातलं कुणी विचारत नाही, तिकीट काढून जातो. हा मान फार मोठा आहे, आणि दाजींना पोरासाठी तोच हवाय हे मला कळतं. पण फेट्यानं लिगामेंटचं ऑपरेशन होत नाही. महाराष्ट्र केसरीला थार गाडी देतात, द्या की, आनंद आहे, पण मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा विमा यात्रा कमिटीनं उतरवला तर त्या वर्गणीत मी पहिली.

तर माझं म्हणणं असं, पोराला कुस्ती करू दे, अगदी मनापासनं करू दे, खुराकाला मी पैसे पाठवते, पण बारावीचा फॉर्म भरायचा आणि तालीम कोल्हापूरची असली तरी कॉलेजात नाव पाहिजे.

हे लिहिता लिहिता भाच्याचा फोटो आला. डावा कान टम्म सुजलाय, वरची वाटी भरून गेलीय. विचारतोय, मावशी काय करू. मी लिहिलं आजच मिरजेला जा, साचलेलं रक्त काढून कान दाबून बांधून घे, आठवडा गेला की ते घट्ट होतं आणि कान तसाच राहतो. तर म्हणतो वस्ताद म्हणतायत राहू दे, कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही. तिकडं आता रात्रीचे दहा वाजलेत, दाजी झोपले असतील, तरी लावते फोन.