दुसऱ्याच्या पोराची पारख

मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गणपतीच्या कार्यक्रमात आपली माणसं विचारतात, "भाडं किती पडतं?" आणि कुंपणापलीकडचे आजोबा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवता ठेवता विचारतात, "टीम कुठली?" म्हणजे फुटीची, इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची. पहिल्या उत्तरात थोडं कमी-जास्त चालतं. दुसरं मात्र एकदा दिलं की जन्मभर निभवावं लागतं. इथे माणसं नोकरी बदलतात, घर बदलतात, जोडीदारही बदलतात. कॉलिंगवूडवाला मात्र कॉलिंगवूडवालाच राहतो.

तर तुम्ही टीम निवडलीत असं धरून चालू. घराजवळची, ऑफिसातल्या साहेबाची, नुसता जर्सीचा रंग आवडला म्हणून, कशीही. आता फुटी समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा जण, चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, शेजारून गेला तर एक. (नेम चुकल्याबद्दलही एक गुण देणारा खेळ आपल्या शाळेत का नव्हता, हा विचार मला दर शनिवारी छळतो.) एवढं ज्ञान पुरे. मार्च ते सप्टेंबर सामने चालतात तेव्हा "अंपायरने वाट लावली" या एका वाक्यावर सगळं भागतं.

तुमचा खरा हंगाम ग्रँड फायनल आटोपल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरात खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड. नोव्हेंबरात नव्या पोरांची वाटणी, म्हणजे ड्राफ्ट. या दोन महिन्यांत एकही सामना होत नाही, त्यामुळे कोणीही हरत नाही आणि सगळ्यांचंच बरोबर असतं.

घाबरू नका. या कामाला लागणारं शिक्षण तुम्ही गावाकडूनच पुरं करून आला आहात. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाला बारावीला किती पडले, त्यातले क्लासचे किती नि स्वतःचे किती, आणि त्याने मेकॅनिकल घेऊन कशी चूक केली, हे त्याच्या आईवडिलांच्या आधी ठरवणाऱ्या समाजात तुम्ही वाढलात. ड्राफ्ट म्हणजे वेगळं काही नाही. पोरं अठरा वर्षांची, बहुतेकांची इथली बारावीची परीक्षा जेमतेम उरकलेली. फरक इतकाच की गुणवत्ता यादी उलटी लावायची. १९८६ पासून ही पद्धत आहे: जो क्लब गुणतक्त्यात तळाला, त्याला पोरं निवडायचा पहिला मान. आयपीएलच्या लिलावासारखी बोली नाही, आणि सगळ्या पगारांवर मिळून कमाल मर्यादा. पोराला कोणी विचारत नाही. पर्थच्या पोराला मेलबर्नने उचललं की त्याने बॅग भरायची.

पोराबद्दल बोलायचं कसं? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला गेलेल्या आत्याबाईंसारखं. उंची किती, हात लांब आहेत का, वीस मीटर किती सेकंदांत पळतो, दोन किलोमीटरला दम लागतो का, दोन्ही पायांनी किक मारतो का. मग घरची माणसं कशी आहेत. "डावा पाय जरा कच्चा आहे हो" हे वाक्य "मुलीचा रंग जरा सावळा आहे हो" याच सुरात म्हटलं पाहिजे, म्हणजे आपल्याला पोराचं भलंच हवंय असं वाटतं. मुलगा दोन मीटर उंच असेल तर म्हणा, "रकमन आहे, त्याला पाच वर्षं द्यावी लागतील." (रकमन म्हणजे अंपायरने उडवलेला चेंडू उडी मारून टोलवणारा उंच गडी.) मग तीन सामने झाले की म्हणा, "फुकट गेला." दोन्ही वाक्यं एकाच माणसाने म्हणण्यात काही चूक नाही.

पोराला खेळताना प्रत्यक्ष पाहिलेलं असणं मात्र टाळा. पाहिलं की शंका येतात. अठरा वर्षांखालच्यांचा सामना बघायला हिवाळ्यात पहाटे उठून बेंडिगोला जाणारे लोक असतात, पण ते गप्प असतात, म्हणून त्यांना विचारत कोणी नाही. तुम्ही मोबाइलवरची तीन मिनिटांची चित्रफीत बघा. तीत एकाही पोराच्या हातून चेंडू सुटत नाही.

आता खरी विद्या. ती आहे विसरण्याची. पारखी व्हायचं तर काय विसरायचं आणि काय जन्मभर चघळायचं, याची वाटणी पक्की हवी.

चघळण्यासाठी पर्थकडचा फ्रीमँटल क्लब उत्तम. आपल्याकडे म्हणतात ना, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये? २००१ साली फ्रीमँटलने ही म्हण तंतोतंत पाळली. पहिला पिक, म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड, त्यांच्याकडे होता. तो, विसावा आणि छत्तिसावा असे तिन्ही त्यांनी हॉथॉर्न क्लबला दिले आणि बदल्यात ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे तयार खेळाडू घेतले. पहिल्या पिकवर हॉथॉर्नने ल्यूक हॉज उचलला, छत्तिसाव्यावर सॅम मिचेल. तिसऱ्या पिकवरचा ख्रिस जड वेस्ट कोस्टला, म्हणजे फ्रीमँटलच्या गावातल्याच वैऱ्याकडे गेला आणि २००६ साली त्यांचा कॅप्टन म्हणून चषक उचलून मोकळा झाला. बिचारा मॅकफार्लिन पुढे बरीच वर्षं फ्रीमँटलकडे इमानाने खेळला, पण त्याचं नाव या गोष्टीत घ्यायचं नसतं, गोष्ट पातळ होते. क्रोड मात्र दोन हंगामांत हॉथॉर्नला परत. २००८ साली हॉथॉर्न जिंकलं तेव्हा कॅप्टन मिचेल, अंतिम सामन्याचा मानकरी हॉज, आणि त्याच संघात क्रोडसुद्धा. म्हणजे हॉथॉर्नने दुकानही विकलं नाही आणि गल्लाही घेतला. फ्रीमँटलच्या खात्यात आजपर्यंत एकही चषक नाही. फ्रीमँटलवाला समोर असेल तर या विषयाला तुम्ही हात लावायचीही गरज नाही, तोच सुरू करेल.

रिचमंडवाल्यांकडे २००४ आहे. पहिला आणि चौथा पिक त्यांचा होता. चौथ्यावर त्यांनी जो घेतला तो घेतला, आणि पाचव्यावर हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिन नेला. त्याने पुढे १०६६ गोल केले. हजारावा गोल झाला तेव्हा सिडनीच्या मैदानावर प्रेक्षकांचा लोंढा उतरला. चौथ्या पिकवरच्या पोराने मात्र बाकीची कारकीर्द दुसऱ्याचं नाव ऐकत काढली. त्याने स्वतःला स्वतः निवडलं नव्हतं, पण हा मुद्दा काढलात तर तुम्हाला फुटी कळत नाही असं समजलं जाईल. आता हेच रिचमंडवाले २००९ विसरले आहेत का बघा. त्या वर्षी पहिले दोन्ही पिक मेलबर्न क्लबकडे होते आणि तिसऱ्यावर रिचमंडला डस्टिन मार्टिन मिळाला, ज्याने तीन अंतिम सामन्यांत मानकऱ्याचं पदक घेतलं. पण दुःखाची गोडी अशी की रिचमंडवाला अजून २००४ च सांगतो.

मेलबर्नवाल्यांनी त्या दोन पिकांसाठी किती सोसलं म्हणून सांगू! आधी हरत हरत तळ गाठावा लागला. पुढे चौकशी झाली, मुद्दाम हरल्याचं काही सिद्ध झालं नाही आणि २०१३ साली पाच लाख डॉलर दंड झाला. (निर्दोष असल्याचा एवढा दंड मी दुसरीकडे पाहिलेला नाही.) पहिल्या पिकवरचा टॉम स्कली दोन हंगाम खेळून नव्या सिडनीवाल्या क्लबकडे निघून गेला. दुसऱ्या पिकवरच्या जॅक ट्रेनगोव्हला विशीतच कॅप्टन केलं. विशीत मी मेसचं बिल वेळेवर भरू शकत नव्हतो.

ट्रेडकडे वळू. ट्रेडच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त याच विषयावर बोलणारा रेडिओ चालतो. तो कानाला लावा आणि स्वतःचे व्यवहार सुचवायला लागा. व्यवहाराचं तत्त्व मंडईतलं. आपला गुडघा दुखणारा बत्तीस वर्षांचा गडी म्हणजे हापूस, समोरच्याचा बावीसचा कॅप्टन म्हणजे डाग पडलेला पेरू. तरीही सौदा अडला तर वरून एखादा राखीव खेळाडू टाकायचा. याला इथे स्टेक नाइव्ह्ज म्हणतात, टीव्हीवरच्या जाहिरातीत भांड्यांबरोबर सुऱ्या फुकट देत, त्यावरून. आपल्या भाषेत भाजीवरची कोथिंबीर. ज्या पोराने दहा वर्षं घाम गाळून इथवर मजल मारली, तो कोथिंबीर.

गणित कच्चं असेल तर आणखी मजा. प्रत्येक पिकला गुण ठरवून दिलेले आहेत, पहिल्याचे ३०००, पुढे उतरते. पुढच्या वर्षीचा पिकसुद्धा आज देता येतो, म्हणजे उधारी आली. तेव्हा कागद घ्या आणि तीन क्लबांत, पाच पिक आणि दोन माणसं फिरवून, शेवटी आपल्याला सगळं मिळतं आणि कोणाचंच काही जात नाही असा तक्ता करा. घरचं कर्ज फिक्स्ड घ्यावं की व्हेरिएबल हे ज्याला चार वर्षांत ठरवता आलं नाही, तो माणूस हा तक्ता चहा निवायच्या आत करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आरशात.

एखादा व्यवहार मात्र पारख्यांचं डोकं फिरवतो. २०१४ च्या ऑक्टोबरात वेस्टर्न बुलडॉग्जचा कॅप्टन रायन ग्रिफन म्हणाला, मी चाललो. क्लबने त्याला आणि सहावा पिक देऊन टॉम बॉइड नावाचा मुलगा आणला. आदल्याच वर्षीचा पहिला पिक, वय एकोणीस, सात वर्षांचा करार, सुमारे सत्तर लाख डॉलर. शहरातल्या प्रत्येक पारख्याने कपाळाला हात लावला. दोन वर्षं त्या पोराच्या प्रत्येक सुटलेल्या चेंडूची किंमत डॉलरमध्ये काढली गेली. आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्वार्टरमध्ये, त्याने मधल्या भागातून लांबवर किक मारली, चेंडू टप्पे घेत खांबांमधून गेला, आणि १९५४ नंतर पहिल्यांदा बुलडॉग्ज जिंकले. पश्चिमेच्या उपनगरांत म्हातारे बाप्ये रडले. अशा वेळी पारख्याने काय करावं? "पैसे वसूल" म्हणावं. दोन वर्षांपूर्वी आपण काय म्हणालो होतो ते कोणाच्याच लक्षात नसतं, कारण सगळेच तेच म्हणालेले असतात. बॉइड २०१९ साली निवृत्त झाला. तेविसाव्या वर्षी, कराराची वर्षं आणि पैसे मागे सोडून. मन थकल्याचं तो आधीच उघडपणे बोलला होता. या वाक्यापाशी गप्पांमध्ये दोन-तीन सेकंद शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतं, "म्हणजे त्याच्या पगाराची किती जागा मोकळी झाली?"

घराची ओढ लागणाऱ्या पोरांना मात्र माफी नाही. २०२१ चा पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस नॉर्थ मेलबर्नला आला, एक हंगाम खेळला आणि आपल्या घरच्या अॅडलेडला, पोर्ट अॅडलेड क्लबकडे निघून गेला. अजून तो समोर आला की नॉर्थवाले हुर्यो करतात. तुम्हीही करा. विमानाने सव्वा तास, एवढंसं अंतर सोसत नाही म्हणजे काय! अठराव्या वर्षी माणूस खंबीर पाहिजे. आणि हे बोलून झालं की आईला रोजचा व्हिडिओ कॉल लावा, आज आमटीत गूळ किती घातला ते दाखवायला.

राहता राहिलं घराणं. बापाने क्लबसाठी शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा आधी हक्क, असा नियमच आहे. पीटर डेकॉसचे दोन्ही मुलगे कॉलिंगवूडला, मार्कस अॅशक्रॉफ्टचे दोन्ही ब्रिस्बेनला. गॅरी अॅब्लेट ज्युनिअर तर बापाच्या पुण्याईवर जिलाँगला २००१ साली चाळिसाव्या पिकला पडला, मातीमोल भावात. बरोबरीच्या न्यायासाठी बांधलेल्या उलट्या यादीत ही बापजाद्यांची खिडकी कशी, असं कोणी विचारेल. आपला क्लब असेल तर ती परंपरा, दुसऱ्याचा असेल तर वशिला. यावर आपल्याकडच्या माणसाला जास्त काही शिकवायला नको.

शेवटी ड्राफ्टची रात्र. महिनाभर तुम्ही ज्या तीन पोरांवर खल केला ते तिघेही तुमच्या नंबराच्या आधी उचलले जातात. तुमचा क्लब एका अशा पोराचं नाव घेतो की जे तुम्ही कधी ऐकलेलं नाही. कुठल्याशा गहू पिकवणाऱ्या गावातलं पोर, सूट मोठ्या भावाचा, शेजारी आई रडतेय. गांगरू नका. डोळे किंचित बारीक करा, मान हलवा, म्हणा, "हं, हा मला आधीपासून खाली घसरेल असं वाटत होतं." मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच मोबाइलवर त्याची उंची बघा.

सकाळी कुंपणापलीकडचे आजोबा डबा आत घ्यायला येतील. त्यांनीही ते नाव काल रात्रीच ऐकलेलं असतं. ते म्हणतील, या वर्षीचा माल एकूण यथातथाच, पण पुढच्या वर्षीची पोरं म्हणजे काय विचारता. दुजोरा द्या. पुढच्या वर्षीची पोरं सध्या अकरावीत आहेत आणि त्यांच्यातल्या एकाचा तरी डावा पाय नक्की कच्चा आहे.