एकत्र राहणे ही नुसती मजबुरी नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

विद्यार्थ्यांनी मिळून घर भाड्याने घेण्याच्या फायद्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: एकत्र राहिल्याने अभ्यास बुडतो, साफसफाईवरून भांडणे होतात, करारनाम्याबद्दल लेखात अवाक्षर नाही आणि म्हणून हा लेख विद्यार्थ्यांची दिशाभूल करतो. या सगळ्याच्या वर आपले एक वाक्य आहे: "पैसे नाहीत म्हणून माणसे एकत्र राहतात, त्या मजबुरीला फायदा म्हणणे हे ज्यांनी असे दिवस कधी काढले नाहीत त्यांनाच सुचू शकते."

मतभेदाला माझी ना नाही. परंतु या वाक्याचा उत्तरार्ध हा माझ्याविषयी परस्पर काढलेला निष्कर्ष आहे आणि तो काढण्यापूर्वी आपण मला एका शब्दाने विचारलेले नाही. अमुक विधान पटत नाही आणि ते अमुक कारणासाठी, असे लिहिता आले असते. त्याऐवजी लिहिणारीचा अधिकारच नाकारायचा आणि शेवटी "राग मानू नये" अशी पुस्ती जोडायची, ही रीत मला सभ्यपणाची वाटत नाही. राग आला आहे, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

आता त्या दिवसांविषयी. माझ्या शिक्षणाची बहुतेक वर्षे भाड्याच्या घरात, आधी अजिबात ओळख नसलेल्या तीन मुलींबरोबर गेली. स्वतंत्र खोली परवडत नव्हती म्हणूनच मी तिथे गेले होते. स्वयंपाकघराच्या दाराला दोऱ्याने अडकवलेली एक वही असे आणि घरातला सामाईक खर्च तीत लिहिला जाई. एकदा आमच्यातली एक जण सुट्टीत महिनाभर घरी जाऊन आली आणि विजेच्या बिलावरून वाद पेटला. मी इथे नव्हतेच तर पैसे कशाचे द्यायचे, असे तिचे म्हणणे. घर तर तुझेही आहे, असे दुसऱ्या दोघींचे. काही दिवस अबोला झाला. शेवटी बिल समोर घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की त्यात दोन वेगळ्या रकमा आहेत: वापर असो वा नसो, भरावाच लागणारा स्थिर आकार आणि युनिटप्रमाणे येणारा आकार. स्थिर आकार चौघींत वाटला, युनिटांचे पैसे तिघींत. तिचे सामान फ्रिजमध्ये होते म्हणून तिने आपणहून थोडी रक्कम जास्त घातली. तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला आणि त्यानंतर त्या बिलावरून कोणी आवाज चढवला नाही. वाटणी न्याय्य कशी करायची हे इतक्या नेमकेपणाने मला कोणत्याही वर्गात कोणी शिकवले नाही. एकटी राहत असते, तर ते बिल मी न वाचताच भरून टाकले असते.

माणूस एखाद्या घरात कोणत्या कारणाने शिरतो आणि तिथे राहून त्याला काय मिळते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा निकालात काढला आहे. साधा खर्चाचाच विचार करा. इंटरनेट, फ्रिज, गॅसची शेगडी यांचा खर्च माणसे वाढली म्हणून त्या प्रमाणात वाढत नाही. निरनिराळ्या आकारांच्या कुटुंबांच्या उत्पन्नाची तुलना करताना ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संस्था जी एक पद्धत वापरते, तीत कुटुंबाची पैशांची गरज माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी धरतात. म्हणजे चार माणसांच्या घराला एकट्याच्या चौपट नव्हे, तर दुप्पट उत्पन्न पुरेसे मानले जाते. ज्या विद्यार्थ्याला फी भरण्यासाठी अर्धवेळ नोकरी करावी लागते, त्याच्या बाबतीत वाचलेले पैसे म्हणजे नोकरीतून सुटलेले तास, आणि ते तास अभ्यासाला मिळतात. याला फायदा म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे, हे आपण सांगितलेले नाही. रात्री ताप चढला असताना पाणी आणून देणारे, सकाळी डॉक्टरकडे घेऊन जाणारे कोणी घरात असणे, याचा तर मी हिशेबच मांडत नाही. असे आयुष्य जगणाऱ्या मुलामुलींना निव्वळ बिचारे ठरवण्यात त्यांच्याविषयीचा कळवळा मला दिसत नाही.

साफसफाईवरून भांडणे होतात, आणि पाळ्या लावल्या की बरीचशी मिटतात. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. अभ्यास बुडतो हे आपले विधान मात्र फार सरसकट आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने नेमलेल्या रूम पार्टनरांवरचे संशोधन अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी 2001 साली प्रसिद्ध केले. सोबत्याचा गुणांवर परिणाम होतो, असे त्यात आढळले. आणि असा परिणाम दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. सोबती पारखून घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

करारनाम्याचा मुद्दा तेवढा रास्त आहे. अनेक करारांत सगळे भाडेकरू पूर्ण भाड्याला एकत्रितपणे आणि प्रत्येकी जबाबदार असतात, त्यामुळे एक जण मध्येच निघून गेला तर त्याचा वाटा घरमालक उरलेल्यांकडून मागू शकतो. डिपॉझिट कोणी किती भरले, जागा सोडताना किती आधी कळवायचे, बदली माणूस आणता येईल का, हे सह्या करण्यापूर्वी लेखी असावे. ही भर मी लेखात घालत आहे. परंतु एक परिच्छेद कमी होता म्हणून सबंध लेखाला "दिशाभूल" म्हणणे मला मान्य नाही, आणि तो शब्द आपण मागे घ्यावा अशी माझी अपेक्षा आहे.