जर्मन आजीचं अर्धं अंडं

मंद्याला युरोपातून येऊन आठवडा झाला, पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तो अजून विमानातून उतरलेला नाही. रविवारी उद्यान गणेशाच्या बाजूला बूड टेकलं आणि सुरू झाला. जर्मन म्हणजे घड्याळ, इटालियन म्हणजे नुसती बडबड, डच चिंगूस, ब्रिटिश पिऊन पडलेले. तीन आठवडे फिरून पठ्ठ्याने अख्ख्या खंडाची कुंडली मांडली.

"घड्याळ?" पक्या उसळला. पक्या रेल्वेवेडा, त्याच्यासमोर हे बोलायचंच नाही. "२०२४मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी लेट हां! आणि रद्द झालेली गाडी हिशोबातच धरत नाहीत. लेट आलेली जर्मन गाडी स्विसवाले कधी कधी सरहद्दीवरच्या बासेललाच थांबवतात, आमचं वेळापत्रक नासवू नका म्हणून."

"ते खरंय," मंद्या म्हणाला. "कोलोनला माझीच गाडी सत्तर मिनिटं लेट. बाकावर शेजारी एक जर्मन आजी. तिने पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं, गुडघ्यावर टिचवून सोललं, कागदाच्या पुडीतलं मीठ लावलं आणि अर्धं मला दिलं."

"मग चिंगूस कसे?"

"चिंगूस डच. ही जर्मन होती."

प्राचीने कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, हे मोजून झालंय. ४९ संस्कृतींमधल्या लोकांना विचारलं, तुमच्याकडचा माणूस साधारण कसा असतो? मग तिथल्या खऱ्या माणसांच्या स्वभावाच्या मोजमापांशी ते ताडून पाहिलं. २००५मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं, दोन्हींचा मेळच बसला नाही. "आपल्याच माणसांचं चित्र धड काढता येत नाही, आणि हा डचांचं काढतोय!"

"अभ्यास राहू दे," शिऱ्या म्हणाला. "पुणेकर एक ते चार झोपतो की नाही?"

झोपतो, यावर ताबडतोब एकमत झालं. प्राचीचंही. (हात मीही वर केला, खोटं का बोला.)

माझा मुद्दा वेगळा होता. मंद्या तिकडे राहिला प्रवाशांच्या हॉस्टेलात. तिथे भेटतो तो बावीस वर्षांचा, घरापासून लांब, खिशात बिअरपुरते पैसे असलेला पोरगा. तो देशाचा नमुना कसा? जुलैत भुशी डॅमवर ओल्या बनियनवर नाचणारे बघून कोणी मुंबईकरांबद्दल मत बनवलं तर?

"बरोबरच बनवेल," शिऱ्या.

हसण्यात माझा मुद्दा वाहून गेला. प्राचीने तेवढ्यात मंद्याला ऐकवलं, की ज्या हॉस्टेलात बसून तू जर्मनांना नावं ठेवलीस, ती हॉस्टेलची कल्पनाच रिचर्ड शिरमान नावाच्या एका जर्मन मास्तराची. आल्टेनाच्या किल्ल्यातलं त्याचं हॉस्टेल १९१२चं. मंद्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग गाडी आपल्यावर आली. २०१९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलाने खास भारतीय पाहुण्यांसाठी सूचना लावली होती: नाश्त्याचे पदार्थ बाहेर नेऊ नका, कॉरिडॉरमध्ये आवाज नको. पक्या अजून त्यावर चिडतो. मंद्या म्हणाला, "चिडतोस काय? वागतातच तसे. इंटरलाकेन स्टेशनवर डोंबिवलीचं एक कुटुंब, थालीपिठांचा डबा उघडून बसलेलं. अख्ख्या फलाटावर लसणीच्या चटणीचा वास! माझ्या हातात दादरच्या साडीच्या दुकानाची पिशवी. ती बघून काकूंनी विचारलं, 'मराठी का हो?'"

"मग?"

मंद्याने चहाचा ग्लास उगाच फिरवला. "मी म्हटलं, 'सॉरी?'"

"इंग्लिशमध्ये?"

"हो. आणि तेवढ्यात आईचा फोन आला."

"उचललास?"

"सवयीने. 'हां आई, बोल.'"

पक्या कट्ट्यावरून पडायचाच बाकी होता. प्राचीने शांतपणे विचारलं, "मग त्या काकूंनी डोंबिवलीला परत जाऊन काय सांगितलं असेल?"

"सांगायचंय काय?" शिऱ्या म्हणाला. "दादरवाले!"