चौदा हात आणि एक क्लॅम्प

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या फोंड्याच्या घरात हातांना तोटा नसतो. काका, मेहुणा, दोघे पुतणे, मुंबईहून वेळेआधीच उतरलेली आत्या, आई, वहिनी. मोजून चौदा हात. पण फेविकॉल लावलेल्या दोन रिपा यांच्यातल्या कुणाच्याही हाती देऊन ‘अर्धा तास अशाच दाबून धर’ म्हणून बघा. चहा येतो, फोन वाजतो, नाक खाजतं. नाक तर हाताला फेविकॉल लागला की खाजतंच, त्याला इलाज नाही.

कारण माटोळीचं होतं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घड, तोरिंग, चिबूड, काकड्या, आंब्याचे टाळ, रानातली फळंफुलं असं जे जे पिकतं ते बांधायचं, ही माटोळी. कला आणि संस्कृती खातं तिची स्पर्धासुद्धा भरवतं. आमची जुनी चौकट वाळवीने स्पर्धेविनाच जिंकली होती. या दिवसांत मेस्त, म्हणजे सुतार, मिळणं म्हणजे नशीबच. आमचा मेस्त गावभरच्या मखरांत अडकलेला. तेव्हा जुन्या दाराच्या सागाच्या रिपा काढून मीच बसलो आणि एका हाताने आवळायचे क्लॅम्प, म्हणजे दोन जबड्यांत लाकूड दाबून धरणारे शिकंजे, घ्यायचं ठरवलं. एका हाताने रिपा जुळवायच्या, दुसऱ्याने क्लॅम्पचा घोडा, म्हणजे मुठीतला खटका, दाबायचा, कुणाला हाक मारायची नाही.

बाजारातला हार्डवेअरवाला म्हणाला, “बाब, कितलो व्हड जाय?” चार इंची, सहा इंची, बारा, चोवीस, सगळे भिंतीवर टांगलेले. गिऱ्हाईक लांबी बघतं, आणि नेमकं तिथेच फसतं. खरी बघायची ती ताकद. या प्रकारातले छोटे क्लॅम्प साधारण 140 पौंडांचा दाब देतात, मधले 300, दणकट 600. आणि सागासारख्या लाकडाला फेविकॉल धरायचा तर चौरस इंचाला दीडएकशे पौंड दाब हवा. माझा सांधा दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे चार चौरस इंच, म्हणजे 600 पौंड. किलोत 272. माझा नव्वद किलोंचा मेहुणा एकावर एक तीन वेळा बसवला तर एक सांधा. हे गणित मी दुकानातच केलं आणि मग किमती बघितल्या. 300 वाले घेतले. एका सांध्यावर दोन लावायचे असा बेत.

घेताना करायच्या काही तपासण्या आहेत, त्या मी मागे उभ्या असलेल्या रांगेची पर्वा न करता केल्या. दोन्ही जबडे रिकामे मिटवायचे आणि उजेडाला धरायचे. टोकं आधी टेकत असतील तर चालतं, कारण दाब चढला की दांडा किंचित वाकतो आणि टोकं फाकतात. टोकं आधीच उघडी असली तर खाली ठेवायचा. सोडायची कळ घोड्यावरच्याच हाताच्या बोटाला पोचते का ते बघायचं. पोचत नसेल तर आवळायला एक हात आणि सोडायला दोन. जबड्यांवरची रबरी गादी निघते का? निघत असेल तर हरवणारच, पण निदान पोलादाचे वळ लाकडावर उठणार नाहीत, ती हरवेपर्यंत. आणि एक जबडा काढून उलटा लावता येतो का? आला तर तोच क्लॅम्प आवळायच्या ऐवजी फाकवतो. हे मी घरी येऊन उगाच बोललो. वहिनीने पावसाने फुगलेल्या कोठीच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि पहिली संध्याकाळ तांब्याची भांडी बाहेर काढण्यात गेली.

आतली रचना फार सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. सपाट दांडा, त्यावर भोक पाडलेली पोलादी पट्टी. घोडा दाबला की पट्टी तिरकी होते, भोकाची कड दांड्याला चावते आणि त्याला सरकवते. शिवाय दुसरी तिरकी पट्टी असते, ती दांड्याला परत येऊ देत नाही. कळ दाबली की ती सरळ होते, सुटका. ना दाते, ना आटे. सगळा खेळ कोरड्या दांड्यावर. आता भाद्रपदातल्या गोव्यात कोरडं काय असतं ते सांगा! दांडा तसाच ठेवला तर आठवड्यात गंज, आणि गंजू नये म्हणून तेल लावलं तर पट्टी चावतच नाही, घसरते. मी रोज रात्री दांडे फडक्याने पुसून तांदळाच्या डब्यात ठेवू लागलो. आईने ते बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सांधा जोडायच्या दिवशी सगळे आपणहून आले. सागाला तेल असतं, म्हणून आधी थिनरने पुसून घेतलं. फेविकॉल लावला, रिपा बसवल्या, घोडा दाबला. वरची रीप लोण्यावरून चालल्यासारखी बाजूला निघाली. यावर सुतारकामातला जुना तोडगा असा, की ओल्या फेविकॉलवर मिठाचे चार दाणे टाकायचे. ते रुततात आणि रीप सरकत नाही. मी मीठ मागितलं.

“तिन्हीसांजेला मीठ?” आत्या म्हणाली.

“घरातल्या घरातच आहे गं.”

“घरातल्या घरात असलं तरी. आणि ते फेविकॉलला?”

यावर वाद सुरू झाला, तोपर्यंत रीप आणखी दोन सूत सरकली. शेवटी पुतण्याने गुपचूप मीठ आणलं, खडे मीठ. ते वरवंट्याने फोडलं.

दोन्ही क्लॅम्प लागले, फेविकॉल बाजूने पाझरला, आणि लोखंडाचा काळा डाग लाकडावर पडू नये म्हणून दांड्याखाली कागद हवा असं मी बोललो. मला बटरपेपर म्हणायचं होतं. काकांनी हातातलं वर्तमानपत्र तत्परतेने सारलं. सकाळी क्लॅम्प काढले, सांधा पक्का, फेविकॉलने कागदही पक्का धरलेला. माटोळीच्या मधल्या रिपेवर ठळक अक्षरांत ‘दुःखद निधन’. खाली अर्धा फोटो, मिशीपर्यंत. रंध्याने ते तासायला सांधा जोडण्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि आत्या तेवढा वेळ देवापुढे बसून होती.

मेस्त अखेर उगवला तो चवथीच्या आदल्या दिवशी. त्याने चौकट हलवून बघितली, क्लॅम्प उचलला, घोडा दोनदा दाबला.

“घरांत दोरी ना?”

दोरी गुंडाळायची, मध्ये काठी घालायची, पीळ द्यायचा. त्याचे आजोबा तसंच करत, तोही तसंच करतो. मी त्याला 300 पौंडांचं सांगितलं. त्याने उरलेला सांधा दोरीने आवळून दाखवला आणि चहा घेऊन गेला. दोरीचा दाब किती पौंडांचा ते मी विचारलं नाही.

माटोळी चढली. पंचवीस नारळ झाले तरी चौकट हूं की चूं करीना. क्लॅम्प मात्र मला परत मिळाले नाहीत. एकाने भजनाचा माइक खांबाला धरला आहे, एकाने मखराच्या मागचा पडदा, एक नेवऱ्यांच्या पिठाच्या पिशवीचं तोंड मिटून उभा आहे. सगळ्यात छोटा काकांनी नेला. पंख्याखाली त्यांचं वर्तमानपत्र उडत नाही. कुणी दमत नाही, कुणाला फोन येत नाही.

देव्हाऱ्याचा खिळखिळा पाय बसवायला मी विसर्जनाआधीच पुन्हा दुकानात गेलो. या वेळी किमती न बघता 600 पौंडांचा मागितला. दुकानदार म्हणाला, संपले. चवथीच्या मोसमात मंडपवाले नेतात.

“दोरी दिवं?” त्याने विचारलं.