प्रतिक्रियेला उत्तर : टॉवरचं भरीत आणि 80 हर्ट्झ

भाऊ,

‘टॉवरसुद्धा स्मॉल करा, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा, सबचा नॉब पूर्ण वर न्या’ या माझ्या होम थिएटरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : ‘भाऊ, कसाले फेकी ऱ्हायना? माझे टॉवर 35 हर्ट्झपर्यंत जातात. रिसीव्हरने स्वतः मोजून त्यांना फुल बँड केलंय. मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? तुमचं ऐकलं तर टॉवरचं भरीत होईल.’ त्याच्यापुढे आणखी तीन तक्रारी : नॉब वर नेला की माणसांचे आवाज सबमधून येतात, छोट्या सराउंडना 80 झेपत नाही, आणि मला सब खपवायचे आहेत. (बाकीच्यांसाठी : टॉवर म्हणजे टीव्हीशेजारचे उंच स्पीकर, सराउंड म्हणजे बाजूचे-मागचे, सब म्हणजे फक्त खालचा आवाज, म्हणजे बेस, काढणारा डबा, आणि सगळ्यांना आवाज वाटून देतो तो रिसीव्हर. हर्ट्झ जितके कमी तितका आवाज खालचा. क्रॉसओव्हर म्हणजे ज्याच्या खालचा आवाज स्पीकरऐवजी सबकडे जातो तो आकडा. तसं वळवलं की स्पीकर ‘स्मॉल’, सगळं त्यालाच दिलं की ‘फुल बँड’. नॉब म्हणजे सबवरचा त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर.)

अहिराणी मलाही येते. ‘फेकी ऱ्हायना’, म्हणजे ‘थापा मारतोय’, हे पारावर बसून, दोस्ताच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं असतं. ज्याच्याशी आपलं आयुष्यात एकदाही बोलणं झालेलं नाही, त्याला चारचौघांत म्हणायचं नसतं. ‘पटलं नाही, कारण असं असं’ एवढं लिहिलं असतंत तरी उत्तर हेच मिळालं असतं. 2009 पासून धुळे, अमळनेर, भुसावळ, शहादा इथल्या लोकांच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून हेच काम करतोय. फेकायला सवड मिळाली नाही.

एक गोष्ट कबूल. काही सबवर नॉबच्या शेवटी ‘एलएफई’ (सिनेमातला खास सबसाठीचा बेसचा चॅनेल) अशी वेगळी जागा असते, काहींना त्या नावाचं वेगळं सॉकेट असतं. ते असेल तर तेच वापरायचं, मग नॉबचा संबंधच उरत नाही. हे लेखात राहून गेलं. चूक माझी.

आता तुमच्या मशीनकडे वळू. रिसीव्हर माइक लावून स्पीकर आपोआप मोजतो, ते ऑटो कॅलिब्रेशन. फुल बँड की स्मॉल हे ठरवताना ते एवढंच बघतं की स्पीकरचा आवाज कुठल्या हर्ट्झला 3 डेसिबलने घसरतो. ती जागा साधारण 40 हर्ट्झच्या खाली आली की बरेच रिसीव्हर त्याला सरळ फुल बँड ठरवतात. टॉवर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून असेल तर खोलीच खालचा आवाज फुगवते आणि तो आकडा आणखी खाली जातो. म्हणजे कौतुक टॉवरचं नाही, भिंतीचं झालं. शिवाय ही चाचणी होते 75 डेसिबलच्या आसपास. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला, म्हणजे थिएटरसाठी ठरलेल्या आवाजाला, एका मुख्य चॅनेलचे उसळते आवाज 105 डेसिबलपर्यंत जातात, एलएफईचे 115 पर्यंत. 75 वरून 105 म्हणजे 30 डेसिबल, म्हणजे हजारपट ताकद. तुम्ही तेवढ्या आवाजात बघत नसाल, निम्म्यानेही नाही, पण मुद्दा कळला असेल : मशीनने पोच मोजली, दम मोजला नाही.

दमाचा हिशोब असा. तेवढाच मोठा आवाज निम्म्या हर्ट्झला काढायचा तर कोनला (बेस काढणाऱ्या वूफरच्या पडद्याला) चौपट मागेपुढे हलावं लागतं. 80 वर जो कोन 1 मिलिमीटर हलतो, त्याला 40 वर 4 आणि 20 वर 16 मिलिमीटर हलायला हवं. साडेसहा इंची वूफरला 16 मिलिमीटर कुठून येणार? तुमचे टॉवर मागे भोक असलेले असतील तर आणखी वाईट. ते भोक, म्हणजे पोर्ट, ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला आधार देणारी पेटीतली हवा सुटते आणि कोन मोकाट हलतो. स्फोटाच्या प्रसंगात टॉवरमधून ‘टक’ असा कोरडा आवाज ऐकलाय कधी? व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) मागे आपटल्याचा आवाज असतो तो. भरीत म्हणतात ते त्याला.

35 हर्ट्झच्या आकड्यापुढे काय छापलंय तेही बघा. उणे 3 डेसिबल असेल तर ठीक. उणे 10 असेल, तर त्या जागी टॉवर एकदशांश ताकदीचा आवाज देतोय. आणि पुढे काहीच छापलेलं नसेल तर तो आकडा जाहिरातीचा.

याला पुस्तक लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही वरातीत डीजेची गाडी उभी असते, तिथल्या पोराला विचारा, टॉपला (वरच्या स्पीकरना) पूर्ण बेस देतो का म्हणून. हसेल. 100 हर्ट्झच्या आगेमागे कापून खालचं सगळं बेसच्या डब्यांना देतो तो, नाहीतर वरात वेशीपर्यंत जायच्या आत टॉप बसतात. त्याच्या टॉपमध्ये पंधरा इंची वूफर असतो, तरी. तुमच्या टॉवरमध्ये किती इंचाचा आहे?

आणि ‘कापणं’ हा शब्दही फसवा. 80 हर्ट्झ म्हणजे कात्री नव्हे, तो उतार आहे. बहुतेक रिसीव्हर स्पीकरकडे जाणारा आवाज दर सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तसा, 12 डेसिबलने उतरवतात. 60 हर्ट्झला टॉवर साधारण 6 डेसिबलने खाली असतो, 40 ला 12 ने. म्हणजे तो वाजतच असतो, फक्त ओझं वाहत नाही. सबचा वरचा उतार 24 चा, जास्त तीव्र. ‘स्मॉल’ हा शब्द लागलेला दिसतो तुम्हाला. तो पेटीचा आकार नाही, खालचा आवाज सबकडे वळवायची नुसती कळ आहे.

फुल बँड ठेवलंत तर होतं काय, तेही ऐका. त्या चॅनेलचा बेस सबकडे जातच नाही. सिनेमात सबला एलएफई मिळतो म्हणून लक्षात येत नाही, पण साधी स्टिरिओ गाणी लावली की सब गप्प. मग लोक सबचा आवाज वाढवतात आणि पुढच्या सिनेमाला खिडक्या थरथरतात. काही रिसीव्हरमध्ये ‘एलएफई प्लस मेन’ असा पर्याय असतो, त्यात तोच बेस टॉवर आणि सब दोघांतून निघतो. 80 हर्ट्झची लाट साधारण 14 फुटांची. दोघांच्या अंतरात 7 फुटांचा फरक पडला की ते एकमेकांना खातात. बेस वाढतो म्हणून निवडलेला पर्याय बेस घालवतो.

मूळ कारण मात्र दमाचंही नाही, जागेचं आहे. टॉवर टीव्हीच्या दोन बाजूंनाच राहणार. खोलीचा बेस तिथे कसाही वागो, तुम्हाला ते हलवता येत नाहीत. सब हलवता येतो. 80 च्या खाली कानाला दिशा फारशी कळत नाही, म्हणून तो सोफ्याच्या बाजूलाही चालतो. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने 80 हा आकडा धरला त्यात हेच आहे. तुमची खोली 15 फूट लांब असेल तर पहिला घुमारा (खोली स्वतः फुगवते तो सूर) येतो साधारण 37 हर्ट्झला : आवाजाचा वेग, सेकंदाला 343 मीटर, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, मीटरमध्ये. नेमके लांबीच्या मध्यावर बसलात तर तिथे तो आवाज जवळपास नाहीसा होतो. 35 पर्यंत जाणारा टॉवर घेतला आणि बसायला निवडली ती जागा. (मे महिन्यात 43 अंशांना आवाजाचा वेग 357 होतो, तो घुमारा 39 वर सरकतो. त्यासाठी कोणी खुर्ची हलवू नये.) आधी खुर्ची दोनेक फूट मागे घ्या. मग सब सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा, बेसचे सूर वरखाली फिरतात असं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो ती सबची जागा. घरचे हसतील, हसू द्या.

मग कॅलिब्रेशन. कूलर आणि पंखा बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे जिवावर येतं, कळतं मला, पण कूलरच्या पंख्याची घरघर खालच्या पट्टीतच असते आणि माइक ती मोजत बसतो. पहाटे मोजा. माइक तिपाईवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला नको. सबचा आवाज निम्म्यावर ठेवून सुरुवात करा. रिसीव्हरने सबची पातळी उणे 11 किंवा 12 दाखवली, तर सबवरून आवाज कमी करून पुन्हा मोजा. तो आकडा तळाला टेकलेला असतो, खरा नसतो. सब 9 फुटांवर असून 13 दाखवलं तर टेप घेऊन दुरुस्त करायला जाऊ नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर त्या 4 फुटांत धरलेला असतो.

त्यानंतर हाताने टॉवर स्मॉल, 80. मोबाइलवर आवाज मोजायचं कुठलंही ॲप चालेल. खुर्चीवर धरा, 80 हर्ट्झचा सूर लावा, सबची फेज (आवाजाची लाट उलटी करणारी कळ) 0 आणि 180 करून बघा. जास्त आवाज येईल ती बरोबर. मग सबचं अंतर एकेक फुटाने वरखाली करून सगळ्यात मोठा आवाज कुठे येतो ते पकडा. दहा मिनिटांचं काम आहे, प्रतिक्रिया टंकायला त्याहून जास्त लागली असेल.

उरलेलं थोडक्यात. माणसांचे आवाज सबमधून येतात तो दोष नॉबचा नाही. तुमच्या सेंटरचा (संवाद वाजवणाऱ्या मधल्या स्पीकरचा) क्रॉसओव्हर 150 वर पडलेला असणार, मेनूत बघा आणि सब टीव्हीजवळ आणा. सराउंड 3 इंची असतील तर 120 किंवा 150 ठेवा. माइकने दिलेल्या आकड्याच्या वर जायला हरकत नाही, खाली जायचं नाही. 80 मी टॉवरसाठी सांगितलं होतं. लेखात तसं स्पष्ट नव्हतं म्हणता, पण काही गोष्टी वाचणाऱ्यानेही समजून घ्यायच्या असतात. ‘एलपीएफ फॉर एलएफई’ (एलएफईची वरची मर्यादा) 120 वरच राहू द्या, त्याचा क्रॉसओव्हरशी संबंध नाही. सबच्या नॉबवर 80 आणि रिसीव्हरमध्येही 80 असं मात्र करू नका. एकावर एक दोन चाळण्या लागल्या की नेमक्या जोडावर खड्डा पडतो. आणि मी सब विकत नाही. विकत असतो तर तुम्हाला दोन घ्यायला सांगितलं असतं.

एवढं सगळं केल्यावर ऑटो कॅलिब्रेशन पुन्हा चालवलंत, तर मशीन तुमचे टॉवर परत फुल बँड करून ठेवेल. तेव्हा मेनूत जाऊन बघा, लगेच इथे लिहायला येऊ नका.