काटा पाववर, टाकी कोरडी

"सगळ्या मॉडेलला चालतंय, सेम ओरिजिनल." हे वाक्य यापुढं माझ्यासमोर कुणी उच्चारलं तर मी त्याला दहाचा पाना फेकून मारणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

परवा रात्री पावणेदोन वाजता, आष्ट्याच्या अलीकडं, माझी टाटा ४०७, मालाची गाडी, दोन उचक्या देऊन रस्त्याच्या कडेला गप्प झाली. मागं दोन टन द्राक्षं, सकाळी वाशीच्या मार्केटात पोचायची. आणि समोर डॅशवर डिझेलचा काटा पाववर. पावाच्या केसभर वरच म्हणा. नवा काटा नव्हे, काटा जुनाच. टाकीतला फ्लोट, म्हणजे डिझेल किती आहे ते काट्याला सांगणारा फुगा, तो नवा. आठ दिवसांपूर्वी घातलेला. साठ लिटरची टाकी, पाव म्हणजे पंधरा लिटर, लोडात आठचं ॲव्हरेज धरलं तरी एकशेवीस किलोमीटर. कराडला आमचा ठरलेला पंप आहे, तिथं उधारी चालते. सांगलीतनं कराड किती, सत्तर-पंचाहत्तर. म्हणजे हिशेबानं मी ऐटीत पोचत होतो. सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय, पेटत नाही. डोक्यात फिल्टर आला, फीड पंप आला, कुणी टाकीत पाणी घातलं असेल असंही आलं. डिझेल संपलं असेल हे शेवटपर्यंत आलं नाही. कारण काटा दाखवतोय ना! आयुष्यात पहिल्यांदा त्या काट्यावर विश्वास ठेवला होता मी.

सहा वर्षं तो काटा अर्ध्यावर मेलेला होता. टाकी फुल असो नाहीतर तळ गाठलेला असो, अर्धा. एखाद्या खड्ड्यात आदळली की फुलवर उडी मारायचा, परत अर्ध्यावर येऊन निजायचा. पण आमचं दोघांचं काय बिघडलं होतं? तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे बहुतेक त्यालाही माहीत होतं. मी बांबूची एक कामटी ठेवली होती केबिनमध्ये. चाकूनं पाच खाचा पाडलेली. टाकीचं झाकण काढायचं, कामटी घालायची, ओली किती झाली बघायची. सहा वर्षांत एकदा तरी गाडी डिझेलवाचून थांबली का? नाही.

मग आमचं पोरगं गाडीवर बसायला लागलं. "पप्पा, पंपावर लोक हसतात." बरं, घालू फ्लोट.

दुकानात गेलो. पहिला प्रश्न, "मॉडेल कुठलं?" म्हटलं २००४. त्यानं न बघताच मागच्या कप्प्यातनं एक खोकं काढलं. म्हटलं आमच्या टाकीचा आहे ना, टाकी जरा उथळ आहे. "आण्णा, सगळ्या मॉडेलला चालतंय." साडेआठशे रुपये. त्यात आहे काय? एक गोल पत्रा, पाच भोकं, एक वेटोळ्याची पट्टी, तिच्यावर घासणारी पत्ती, आणि तारेच्या दांडीला एक फुगा. फुगा डिझेलवर तरंगतो, दांडी वरखाली होते, पत्ती सरकते, तेवढा करंट कमीजास्त होऊन वर काटा हलतो. एवढंच. माझ्या आजोबांच्या विहिरीतला पाण्याचा अंदाज यापेक्षा अवघड होता.

फिटिंगचं तर विचारूच नका. युनिट टाकीच्या डोक्यावर, आणि टाकीच्या डोक्यावर चार बोटं सोडून हौद्याचा आडवा अँगल. हौदा बांधणाऱ्या त्या महाशयानं गाडी कधीतरी दुरुस्त होणार असते ही गोष्ट आयुष्यात ऐकलेली नसावी. लाईटीच्या वायरी अँगलच्या आत वेल्ड करून ठेवणारा हाच माणूस. म्हणजे टाकी रिकामी करा, पट्टे सोडा, टाकी खाली घ्या. पट्ट्याचे नट गंजून एक झालेले. दोन तुटले, एक छिन्नीनं तोडला. पाच भोकं अशी असतात की युनिट एकाच बाजूनं बसावं, पण आमच्या मिस्त्रीनं चार बाजू करून बघितल्या. मग जुनंच पॅकिंग परत लावायला निघाला. म्हटलं बाबा, नवं लाव, डिझेल पाझरंल. "काय नाय होत." हे दुसरं वाक्य, त्याच्यासाठी बाराचा पाना.

बसवायच्या आधी त्यानं वायर जोडून दांडी हातानं वरखाली करून दाखवली. काटा रिकाम्यापासून फुलपर्यंत झर्रकन गेला, झर्रकन खाली आला. पोरगं खूश, मिस्त्री खूश, मी तर चहा सांगितला सगळ्यांना. अहो, हवेत तर कुणीपण फुल होतो! टाकीत दांडीला फिरायला जागा आहे का हे कोण बघणार? दांडी दुसऱ्या कुठल्यातरी खोल टाकीच्या मापाची. आमच्या उथळ टाकीत फुगा बुडाला टेकून बसला तरी दांडी अजून अर्धवट तिरकीच, पत्ती पावापर्यंतच सरकलेली. वर काटा सांगतोय, मालक, पंधरा लिटर आहे, चला बिनधास्त.

आणि मी कामटी घरी टाकून आलेलो. मुद्दाम.

रात्री दोन वाजता दोन फोन करून झाले. एक मित्र म्हणाला, "इथंच आहे, पाच मिनिटात आलो." तो अजून यायचा आहे. चालत पंप गाठावा तर पंपावरचं पोरगं, "बाटलीत द्यायला परवानगी नाय." म्हटलं, कॅन? "कॅन तुमचा पायजे." मग तुझ्या मागं रांगेनं टांगलेत ते कुणाचे? "ते ऑइलचे." आणि माझ्या तोंडावर मशिनकडं बोट करून सवयीनं म्हणतोय, "झिरो बघा." अरे, काय झिरो बघू, तू घालायला तर लाग!

आता खरी नामुष्की ऐका. मी ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांना किती शिव्या दिल्यात हे पेठ रस्त्यावरचं झाडझाड सांगेल. मागं दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, लाईट एकच, तीपण आकाशात, आणि पुढं हे एवढाले स्पीकर. सीझन सुरू झाला की माझं बीपी वाढतं. तर परवा रात्री माझ्यासाठी थांबला तो नेमका एक ट्रॅक्टरवालाच. गाणी तीच, आवाज तोच. विशीतलं पोरगं. खाली उतरला, काही न विचारता स्वतःच्या टाकीत पाईप घातला, तोंडानं ओढलं, तोंडभर डिझेल थुंकला आणि दहा लिटर काढून दिलं. पैसे काढले तर म्हणाला, "राहू द्या काका, तुम्हीपण गाडीवालेच की."

काका! पण तो त्यावेळी मला देवमाणूस वाटत होता, म्हणून तेही चाललं.

डिझेल घालून भागतंय का, लाईनीनं एअर धरलेली, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरलेली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारत बसा. फेस येतोय, फेस येतोय, अंगठा दुखायला लागला तरी फेसच. नितळ डिझेल आलं तेव्हा स्क्रू आवळला, मग इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ. आधी वेड्यासारखे सेल्फ मारून बॅटरी मी स्वतःच झोपवून ठेवलेली. शेवटी त्याच पोरानं ट्रॅक्टरच्या बॅटरीवरनं वायर दिली तेव्हा पेटली. स्पीकर चालू ठेवूनच. सगळा वेळ एकच गाणं तीनदा वाजलं. एक शब्द बोललो नाही मी.

वाशीला उशिरा पोचल्यावर अडत्यानं दराचं काय केलं ते लिहीत नाही, घरचे वाचतात.

कालचा दिवस दुकानदाराचा. म्हटलं, हे परत घ्या. "इलेक्ट्रिक पार्ट परत होत नाय आण्णा." इलेक्ट्रिक? दांडीला फुगा लावलेला आहे याला! "वायर जोडताय ना? मग इलेक्ट्रिक." यावर काय बोलणार माणूस. मी चिडलो की मला शब्द सापडत नाहीत, नुसती मान हलते. घरी आलो. भाची वकिलीला आहे. तिनं सांगितलं, २०१९ चा ग्राहक कायदा आहे, सदोष माल नाकारला आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायलाच लागतो, नाही घेतला तर ती अनुचित व्यापार प्रथा. म्हटलं, मी धंद्याची गाडी चालवतो, मला चालेल का? म्हणाली, स्वतःच्या पोटापाण्यासाठी असेल तर चालतं मामा. 'अनुचित व्यापार प्रथा' हे शब्द मी रस्ताभर पाठ करत गेलो. दुकानात उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर, न अडखळता म्हटले.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग म्हणाला, "बिल दाखवा."

बिल! खिशातनं निघाली कॅलेंडरच्या पानाची चिठ्ठी. 'फ्लोट ८५० जमा.' सही नाही, तारीख नाही, दुकानाचं नाव नाही. कारण आठ दिवसांपूर्वी त्यानं मला विचारलं होतं, पक्कं पायजे का, जीएसटी लागंल. आणि मी, अक्कलशून्य माणूस, हसून म्हटलं होतं, "कशाला उगं."

आमच्या भागात काट्यावर विश्वास ठेवायचाच नसतो, हे ऊस घालणाऱ्याच्या पोटी जन्मलेल्या मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? वडील साखर कारखान्याच्या काट्यावरनं परतले की दोन दिवस कुणाशी बोलत नसत. बाहेरच्या काट्यावर एक वजन, आत दुसरं. आणि मी पन्नाशीत येऊन एका तारेच्या दांडीवर विसंबून रात्री निघालो.

तिकडनं मिरजेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी दांडी बघितल्या बघितल्या सांगितलं, टाकीची खोली मोजून बसवायच्या आधी हिला दोन बाक दिले असते तर काम झालं असतं, दहा मिनिटाचं. मग विचारलं, जुनं युनिट कुठाय? पत्ती घासलेली असंल, जरा वाकवून, पट्टी साफ करून परत चाललं असतं. जुनं युनिट मी भंगारात दिलं. चाळीस रुपयाला. हिशेबाला पक्का आहे मी.

बरं, देऊ बाक आत्ता. तर टाकी खाली घ्यायला ती रिकामी पाहिजे. आणि वाशीवरनं परतताना कराडला रागाच्या भरात मी काय केलं? टाकी गळ्यापर्यंत फुल केली. उधारीवर. आता टाकी जवळजवळ फुल आहे आणि काटा पाऊणवर, कारण दांडी वरही पूर्ण चढत नाही. शिवाय त्या जुन्या पॅकिंगमधनं डिझेल पाझरतंय ते वेगळंच. पुढच्या महिन्यात फिटनेसला न्यायची आहे, जुन्या गाडीचं दरवर्षीचं दुखणं, वर हरित कर. त्या साहेबाला काय सांगू, हे पर्यावरण गळतंय?

संध्याकाळी कामटी शोधली. केबिनमध्ये नाही, पडवीत नाही. बायकोला विचारलं तर परसात घेवड्याच्या वेलाला लावलीय. पाचही खाचांना दोरी बांधून, व्यवस्थित. वेल वरपर्यंत चढलाय, शेंगा लागल्यात. म्हणाली, "तुम्हीच टाकून दिली होती ना? घेवडा संपेस्तोवर हात लावायचा नाही."