पंखा मेलाय हो, गॅस नाही संपला!

जुन्या गाडीचा एसी बिघडला म्हणून कुठल्याही गॅरेजात न्या, बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार. "गॅस संपला असेल, भरून टाकू." अहो पण आतला पंखाच फिरत नाहीये! नॉब एक, दोन, तीनवर ठेवला की चिडीचूप आणि चारवर नेला की डॅशबोर्ड थरथरेल एवढा घोंघाट. यात गॅस आला कुठून? पण नाही, भाऊ गॅसचं प्रेशर मोजायचं गेज घेऊन आलेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, गाडी चालवली की जळायला? बंद पाइपांमध्ये तोच तोच फिरत असतो तो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. मग आधी गळती शोधा ना! ते कष्ट कोण घेणार? वरून भरा, पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक परत येतंच.

बरं, फक्त चारवर चालणारा ब्लोअर, म्हणजे हा आतला पंखा, हे काही गूढ नाही. खालच्या स्पीडना करंट रेझिस्टरमधून जातो, तो तिथे अडवला जातो म्हणून पंखा हळू फिरतो. चारवर करंट रेझिस्टर टाळून थेट मोटरला मिळतो. म्हणजे चारवर पंखा पळतोय तर मोटर जिवंत, फ्यूज जिवंत, मेलाय तो रेझिस्टर. दोन स्क्रूंवर बसणारा एवढासा तुकडा! हे सांगितलं की मेकॅनिक आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतो आणि म्हणतो, "मोटर गेलीय साहेब." अरे, मोटर गेली असती तर चारवर काय भूत फिरवतंय तिला? उत्तर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. नवी मोटर बसते, तीसुद्धा फक्त चारवरच फिरते, आणि मग ऐकायला मिळतं, "वायरिंगमध्ये काहीतरी असेल." असेल? वायरिंग तपासायचा मल्टिमीटर काय शोभेला टांगलाय भिंतीवर?

कसाबसा रेझिस्टर बदलायला तयार झालाच कोणी, तरी पुढचा तमाशा बाकी असतो. जुना कपलर, म्हणजे रेझिस्टरला वायरी जोडणारा प्लग, काढून बघा एकदा. प्लास्टिक तपकिरी होऊन एका कोपऱ्यात वितळलेलं, आतली पिन काळीठिक्कर, आणि नाकाशी नेलं की जळका वास. त्याच सैल, जळक्या कपलरमध्ये नवा कोरा रेझिस्टर खुपसायचा, वरून काळी टेप गुंडाळायची आणि "झालं काम!" काय झालं? सैल पिन पुन्हा तापणार, कपलर आणखी वितळणार, आणि मी पुन्हा तुमच्याच दारात.

मुळात रेझिस्टर का जळला, हे विचारायची तर पद्धतच नाही. तो हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि ब्लोअरची हवाच त्याला थंड ठेवते. केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला की हवा कमी, रेझिस्टर गरम, त्यातला थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा तुकडा, उडाला. किंवा मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलेत, ती जड फिरतेय, जास्त करंट ओढतेय. फिल्टर बाहेर काढून झटकायला असा किती वेळ लागतो? पण झटकणार कोण, सगळे गेज लावण्यात गुंतलेत.

वैतागून स्वतः करायला घ्यावं, तर गाडी बनवणाऱ्यांनीही सूड उगवून ठेवलाय. ग्लोव्ह बॉक्स काढा, पाय सीटवर आणि डोकं डॅशबोर्डखाली अशा अवस्थेत उलटे लटका, तोंडात टॉर्च धरा. पहिला स्क्रू सहज येतो, आशा वाटावी म्हणून. दुसरा लोखंडी पट्टीच्या मागे, जिथे लांब स्क्रूड्रायव्हर मावत नाही आणि आखूड पोचत नाही. बोटांनी चाचपडत तो सुटतो आणि थेट कार्पेटखाली गडप होतो. ज्याने ही जागा ठरवली त्याला एकदा तरी तिथे झोपवायला हवं होतं.

सगळ्यात डोकं फिरवणारे ते "डायरेक्ट करून देतो" म्हणणारे. बॅटरीवरून सरळ वायर, मध्ये फ्यूज नाही, एक साधा खटका. ब्लोअर फुल स्पीडला चांगले पंधरा-वीस अँपिअर ओढतो! ती वायर कुठे घासली तर आगच लागायची. पण पंखा फिरला ना? मग द्या पैसे.

आणि फुकटचे सल्लागार आहेतच. "जुनी गाडी आहे, काढून टाका." इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यासारखे पडतात, आणि मी एका रेझिस्टरपायी गाडी विकू? "मग खिडकी उघडून चालवा की, एसीची चैन हवीय कशाला?" चैन? पावसात समोरची काच आतून धुरकटते तेव्हा ती साफ करायलाही हाच ब्लोअर लागतो. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, समोरून ट्रकचे लाइट, आणि उघड्या खिडकीतून पाऊस मांडीवर. या एकदा शेजारी बसायला. फडकं तुम्हीच धरा.